मदत हवी आहे: पाऊच पॅकिंग मशीनला पीएलसीच (तयार मिळणारा प्रोग्रॅम करता येणारा कंट्रोलर) ठेवू की स्वतःचा कंट्रोल बोर्ड बनवून घेऊ?

पाऊचवाला:
मसाला पावडरची उभी पाऊच मशीन आहे. वेग मिनिटाला ५० पाऊच, लांबी १५० मिमी, आठ तासांची एक शिफ्ट. फिल्म आतापर्यंत क्लच-ब्रेकने ओढली जायची, आता स्टेपर (दर पल्सला ठरावीक पाऊल फिरणारी मोटर) बसवायचाय. आयमार्क (फिल्मवरची कापायच्या जागेची छापील खूण) वाचणारा सेन्सर धरून १२ इनपुट, ८ आउटपुट, दोन हीटर, तापमान मोजायला दोन के टाइप थर्मोकपल.

रिले आउटपुटचा पीएलसी, थर्मोकपल मॉड्यूल आणि ४.३ इंची एचएमआय (ऑपरेटरचा स्क्रीन) मिळून २४ हजार पडतात. बोर्डवाला म्हणतो एलसीडीसकट ९ हजारांत बसवतो, डिझाइनचे साडेतीन लाख वेगळे. वर्षाला २४ मशीन जातात, म्हणजे ३ लाख ६० हजार वाचले. डिझाइनचा खर्च पहिल्याच वर्षी वसूल! हिशेब इतका सरळ दिसतोय म्हणूनच शंका येतेय. कुठे चुकतंय?

लॅडरवाला:
बोर्डाचं नंतर बघू. पीएलसी ठेवलात तरी आधी तो रिले आउटपुट काढा. मिनिटाला ५० म्हणजे शिफ्टला २४,००० ऑपरेशन. पूर्ण लोडवर रिलेच्या कॉन्टॅक्टचं आयुष्य साधारण १ लाख धरतात, म्हणजे चार-पाच शिफ्ट. लोड हलका असेल तर जास्त टिकेल, पण ३०० दिवसांत ७२ लाख ऑपरेशन होतात, तिथवर काही पोचत नाही. शिवाय रिलेतून स्टेपरला पल्स देताच येत नाहीत. ट्रान्झिस्टर आउटपुट घ्या, व्हॉल्व्ह २४ व्होल्ट डीसीचे, आणि प्रत्येक कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड.

दुसरं, आयमार्क. पाऊच ओढायला अर्धा सेकंद धरला तर फिल्म सेकंदाला ३०० मिमी पळते. आयमार्क साध्या इनपुटवर घेतला आणि स्कॅन (पीएलसीच्या प्रोग्रॅमची एक फेरी) ५ मिलिसेकंदांचा असला, तर कट दीड मिमीपर्यंत मागेपुढे होणारच. वेग तोच असेल तर इनपुट फिल्टरचा उशीर दर वेळी सारखा असतो, तो ऑफसेट देऊन निघतो. स्कॅनचा उशीर दर पाऊचला वेगळा, त्याला ऑफसेट काय देणार? स्कॅनची वाट न बघणारा हायस्पीड इंटरप्ट इनपुटच वापरा.

सोल्डर_मास्क:
मी एरवी बोर्डाच्या बाजूने बोलतो, तरी ९ हजारांत काय काय *नाही* ते आधी विचारा.

इनपुट ऑप्टोकपलरमधूनच (सिग्नल प्रकाशातून देऊन दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणारा भाग) हवेत. २४ व्होल्टवर पीसी८१७ या ऑप्टोकपलरला २.२ किलो-ओहम दिला की साधारण १० मिलिअँपिअर जातात. रेझिस्टर अर्ध्या वॉटचा घ्यायला लावा, पाव वॉटचा अगदी काठावर चालतो. पुरवठ्यावर टीव्हीएस डायोड (व्होल्टेजचे झटके शोषणारा), वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला तर रीसेट करणारा) आणि ब्राउनआउट रीसेट (व्होल्टेज पडल्यावर होणारा) चालू. पाऊचचा काउंटर दर पाऊचला ईईपीरॉममध्ये (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) लिहीत असतील तर गंमत बघा: बऱ्याच मायक्रोकंट्रोलरमधल्या ईईपीरॉमची हमी १ लाख वेळा लिहिण्याची, म्हणजे पुन्हा त्याच चार शिफ्ट! खूप जास्त वेळा लिहिता येणारी एफरॅम मेमरी टाका, नाहीतर वीज जाताना एकदाच लिहा.

आउटपुटला बहुतेक जण यूएलएन२८०३ हा आठ चॅनलचा ड्रायव्हर आयसी लावतात. २०० मिलिअँपिअरच्या व्हॉल्व्हला चॅनलमागे साधारण १.१ व्होल्ट पडतात. आठही चालू असले तर पावणेदोन वॉट उष्णता एका आयसीत. त्याहून वाईट म्हणजे हा आयसी शून्य व्होल्टच्या बाजूने स्विच करतो. पुरवठ्याचं शून्य अर्थ केलेलं असताना व्हॉल्व्हपासून बोर्डाकडे येणारी वायर घासून बॉडीला लागली, की व्हॉल्व्ह आपोआप चालू. सीलिंग जॉमध्ये (पाऊच दाबून सील करणारे जबडे) कुणाचा हात असेल तर? प्लसच्या बाजूने स्विच करणारा ड्रायव्हर मागा.

थर्मोकपल तुटलं की हीटर बंद झाला पाहिजे. तापमान कमी दिसून पूर्ण चालू होता कामा नये. एसएसआर (हीटर चालू-बंद करणारा सॉलिड स्टेट रिले) बहुधा शॉर्ट होऊनच जातो. मग पीएलसी असो की बोर्ड, हीटर त्याच्या हातात राहत नाही, म्हणून जास्त तापल्यावर सुटणारा कॉन्टॅक्टर हीटरच्या लाइनमध्ये वेगळा. इमर्जन्सी स्टॉप दोन्हींच्या बाहेर, सेफ्टी रिलेवर.

पाऊचवाला:
यातलं निम्मंही कोटेशनमध्ये नाहीये. आणि सर्व्हिसचं काय?

लॅडरवाला:
तिथेच तुमचा हिशेब फसतो. दोन-तीन रिव्हिजन, बर्स्ट आणि ईएसडी टेस्ट (विजेचे झटके आणि स्थिर वीज सोसते का ते बघणाऱ्या), टेस्ट जिग (तयार बोर्ड तपासायची जोडणी), शेल्फवर पडून राहणारे स्पेअर बोर्ड, हे कुठे धरलंय? पीएलसी गेला तर गिऱ्हाइकाच्या गावचा इलेक्ट्रिशियन तेच मॉडेल आणून बॅकअप टाकतो. बोर्ड गेला तर तुमचा माणूस एसटीत बसणार. २०२१च्या चिपटंचाईत एसटीएम३२सारखे रोजचे मायक्रोकंट्रोलरही वेळेवर मिळत नव्हते. चिप बदलली की बोर्डही बदलला. साडेतीन लाखांत सोर्स कोड आणि गर्बर फाइल (ज्यावरून बोर्ड छापतात ती) तुमच्या ताब्यात येतात का, हे लेखी घ्या.

पैसे वाचवायचेच असतील तर थर्मोकपल मॉड्यूल काढा. एसएसआर आउटपुटचे ४८ मिमीचे दोन टेम्परेचर कंट्रोलर पॅनलच्या दारावर लावा. एचएमआयवरूनच तापमान द्यायचं असेल तर आरएस-४८५वाले (वायरवरून एचएमआयशी डेटा बोलणारे) घ्या.

सोल्डर_मास्क:
सहमत. बँड सीलरसारखी एक मोटर, एक हीटर असलेली मशीन शेकड्यांनी जात असती तर मी बोर्डच म्हटलं असतं. तुम्हाला मात्र उद्या कुणी बॅच कोडर मागेल, परवा नायट्रोजन फ्लशिंग. दर वेळी नवा बोर्ड काढणार का?

ऑर्डर देण्याआधी एक बघा: स्टेपर ड्रायव्हरचा पल्स इनपुट ५ व्होल्टचा आहे की २४चा. ५चा असेल आणि पीएलसी २४ देत असेल, तर पल्स आणि दिशा दोन्ही लाइनमध्ये २ किलो-ओहमचा रेझिस्टर. सोबतच्या कागदावर बहुतेक वेळा हीच किंमत छापलेली असते.