आजचा एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) सारखाच, मग हृदयविकाराचा धोकाही सारखाच धरायचा का?

प्रश्न:
दोघांचंही वय ४५, दोघांचाही एलडीएल आज १३०. पहिल्याचा पंचविशीपासूनच १३० आहे. दुसऱ्याचा चाळिशीपर्यंत ९० होता, मग वाढला. धोका सारखाच का? आणि जुने रिपोर्ट जपून ठेवायचे का?

प्रतिसाद १:
सारखा नाही, पहिल्याला जास्त. एलडीएलचे कण धमनीच्या भिंतीत वर्षानुवर्षं थोडेथोडे अडकत जातात, म्हणून पातळीइतकाच काळही मोजायचा. पंचविशीपासून हिशोब करा: पहिल्याचे २० × १३० = २,६००. दुसऱ्याचे १५ × ९० आणि ५ × १३० मिळून २,०००. अमेरिकेतल्या ‘कार्डिया’ अभ्यासात १८ ते ३० वयाच्या ५,११५ जणांना १९८५-८६मध्ये घेतलं आणि पुढे अनेक दशकं त्यांच्या तपासण्या होत राहिल्या. त्यात दिसलं की एकूण बेरीज तेवढीच असली, तरी ती तरुणपणी साठलेली असेल तर धोका जास्त वाढतो.
पुढच्या दहा वर्षांतला हृदयविकाराचा धोका काढणाऱ्या नेहमीच्या रिस्क कॅल्क्युलेटरमध्ये मात्र आजचाच आकडा भरतात. त्यात वयाचं पारडं इतकं जड असतं की पस्तिशीतल्या माणसाला १६० एलडीएल असूनही उत्तर ‘कमी धोका’ येऊ शकतं. त्यावर निर्धास्त राहू नका.

प्रतिसाद २:
रिपोर्ट जरूर जपा, पण तुलना करण्याजोगे आकडेच एका तक्त्यात मांडा. मोठ्या आजारपणात एलडीएल तात्पुरता उतरतो, गरोदरपणात चढतो. ते आकडे वेगळे ठेवा. ट्रायग्लिसराइड (रक्तातली आणखी एक चरबी) ४००च्या वर असेल तर सूत्राने काढलेला एलडीएल धरू नका. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) वजा करून येणारा आकडा लिहा. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) कधी सुरू झालं ती तारीख हवीच, नाहीतर उतार पथ्यामुळे आला की गोळीमुळे ते कळत नाही.
हृदयाच्या धोक्यासाठी बीपीही नोंदवतात, आणि त्यात सगळ्यात जास्त घोळ होतो. दवाखान्यात धावतपळत घेतलेलं एक रीडिंग उपयोगाचं नाही. घरी पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, हात छातीच्या पातळीवर ठेवून, मिनिटाच्या अंतराने दोनदा घ्या; सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर डॉक्टरांना दाखवा. दंडाला कफ लहान पडला तर आकडा खोटा वाढतो.

प्रश्नकर्ता:
म्हणजे पहिल्याचं नुकसान झालं ते झालंच?

प्रतिसाद १:
साठलेली बेरीज पुसता येत नाही, पण पुढची चढण नक्की कमी करता येते. त्याचा एलडीएल ७०वर आणला तर पुढच्या दहा वर्षांत १,३००ऐवजी ७००च भर पडेल. फक्त रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी परस्पर बंद करू नये. आकडा काही आठवड्यांतच पुन्हा चढतो.