मदत हवी आहे: घरी तोंडी सोडवते, पेपर समोर आला की हात थिजतात

नमस्कार मंडळी. माझी मुलगी नववीत आहे. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेची तयारी स्वतःहून करतेय. घरी अवघड गणितं तोंडी सोडवते, वहीत पायऱ्या लिहायचा तिला कंटाळा. पण घड्याळ लावून सराव पेपर दिला की सगळं बिनसतं. परवा मी शेजारीच बसले होते. तळहाताला इतका घाम की कागद ओला झाला, आणि एकच उत्तर खोडून खोडून शेवटी फाटला. नंतर म्हणाली, "आई, प्रश्न दिसत होता गं, पण डोक्यात शिरतच नव्हता."

"ती हुशार आहे, जमेल तिला" असं सगळे म्हणतात. मला वाटतं, तेच तिला जड जातंय.

सायन बायलॉक आणि टॉमस कार या मानसशास्त्रज्ञांच्या २००५ च्या प्रयोगाबद्दल वाचलं. दडपणाखाली गणितात घसरले ते कार्यस्मृती उत्तम असलेलेच विद्यार्थी. एका वेळी बरंच काही डोक्यात धरून ठेवणं हेच त्यांचं बळ, आणि काळजी नेमकी तीच जागा व्यापते. बायलॉक यांच्याच २०११ च्या अभ्यासात परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली भीती लिहून काढल्याचा फायदा दिसला. हे घरी कुणी करून पाहिलंय का? तोंडी सोडवणाऱ्या मुलांना पायऱ्या मांडायची सवय कशी लावलीत?

आणि महिनाभर पेपरच्या आदल्या रात्री तिचं पोट दुखतंय, झोप लागत नाही. आधी शाळेच्या समुपदेशकांना भेटू की थेट बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊ? अनुभव असेल तर कृपया सांगा.