सहाशे रुपयांच्या व्हीपीएसवर खुला चॅट सर्व्हर: ठेवू द्यायचा का?

रॅकवाला_अंधेरी
माझा होस्टिंगचा धंदा. ऑफिस अंधेरीत, सर्व्हर ठेवायचा भाड्याचा रॅक महापेला, गिऱ्हाइकं दीडशेच्या आसपास. परवा एक जुना ग्राहक म्हणाला, माझ्या सहाशेच्या व्हीपीएसवर (मोठ्या मशीनचा भाड्याने दिलेला तुकडा) आयआरसी, म्हणजे जुन्या धाटणीच्या चॅटचा, सर्व्हर टाकतो, सगळ्यांना खुला. मी नाही म्हटलं. तो फुगून बसलाय.

मेमरीचा प्रश्नच नाही. आयआरसी १९८८ चं, किरकोळ मशीनवरही पळतं. खर्च येतो तो भांडणांचा. चॅनलमधून (चॅटच्या खोलीतून) हाकललेला पोरगा घरी जाऊन डीडॉस, म्हणजे फालतू ट्रॅफिकचा पूर सोडून सर्व्हर पाडणारा हल्ला, भाड्याने घेतो. दोन वर्षांपूर्वी ऐन गणपतीच्या तोंडावर हेच झालं. आमची लाइन एक गिगाबिटची, त्यात तो पूर मावणार कसा? एकाच्या सर्व्हरपायी सगळा रॅक बुडाला, मोदकांच्या ऑर्डरी घेणाऱ्या काकूंची साइटसुद्धा. दोन तासांनी अपस्ट्रीमवाल्याने (ज्याच्याकडून आम्ही इंटरनेट घेतो) तो आयपी नल-रूट केला, म्हणजे त्या पत्त्यावरचं सगळं ट्रॅफिक फेकून दिलं, तेव्हा बाकीचे वर आले. म्हणजे त्या पोराला जे हवं होतं, तेच आम्ही आमच्या हाताने करून दिलं.

आठ_सतराची_फास्ट
काच फोडली कुणी आणि हाकलताय कुणाला? २०१६ मध्ये मिराई बॉटनेटवाली (लोकांची हॅक केलेली यंत्रं हल्ल्याला जुंपणारी) पोरं माइनक्राफ्ट गेमचे सर्व्हर पाडत होती. म्हणून ते होस्टिंग बंद पडलं का? उलट संरक्षणासकट विकणाऱ्यांचं फावलं. एक गिगाबिटवर दीडशे माणसं बसवलीत हा तुमचा हिशेब, चॅटला कशाला नावं ठेवता? आज चॅट नको, उद्या गेम नको, परवा कुणाचा राजकीय ब्लॉग नको. मग विकणार काय, मोदक?

ठाणेकरीण
डीडॉस एकवेळ परवडला. मी अब्यूज मेलांना, म्हणजे गैरवापराच्या तक्रारींना, उत्तरं देण्याचं काम केलंय. खुल्या आयआरसीवर एखादं चॅनल गपगार दिसतं, आत चारशे 'माणसं'. ती माणसं नसतातच, मालकाच्या हुकमाची वाट बघत बसलेले बॉट, म्हणजे हॅक झालेली मशीनं, असतात. तक्रार येते ती ज्याचा आयपी त्याच्याकडे.

वर सर्ट-इनचे (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ चे निर्देश: सायबर हल्ल्यासारखी घटना कळल्यापासून ६ तासांत कळवा, लॉग (यंत्रणेच्या नोंदी) १८० दिवस भारतात ठेवा, आणि व्हीपीएस देत असाल तर ग्राहकाची माहिती तो सोडून गेल्यावरही ५ वर्षं सांभाळा. ग्राहकाच्या उद्योगांची जबाबदारी आपल्यावर येऊ नये म्हणून आयटी कायद्याच्या कलम ७९ चं कवच आहे, पण योग्य ती खबरदारी घेतली तरच. रात्री तीनला ती कोण घेणार? सहाशेत?

आठ_सतराची_फास्ट
मग सहाशेत देऊ नका ना! भाव सांगा. सरसकट 'नाही' म्हणणं हा आळस आहे.

रॅकवाला_अंधेरी
हे पटलं, म्हणून काल त्याला फोन केला. वेगळा आयपी, हल्ला गाळून देणारी लाइन आणि रात्रीचा माणूस धरून महिना साडेचार हजार सांगितले. म्हणाला, "त्यापेक्षा टेलिग्रामवर ग्रुप काढतो." काढ म्हटलं.

आठ_सतराची_फास्ट
गेलं ना गिऱ्हाईक!

रॅकवाला_अंधेरी
गेलं. काकू आहेत अजून. ठाणेकरीणबाई, ते १८० दिवसांचे लॉग व्हीपीएसच्या आतले की फक्त आमच्या राउटरचे? इथे आत्ता तीसच दिवसांचे ठेवलेत.