व्हर्सायचं शाही चॅपेल: देवासाठी की राजासाठी?

शिल्पवेडी:
फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजवाड्यातलं सध्याचं चॅपेल, म्हणजे राजवाड्याचं खासगी प्रार्थनागृह, १७१० मध्ये पूर्ण झालं. वास्तुकार आर्दुआँ-मान्सार १७०८ मध्येच वारला, उरलेलं काम रॉबेर द कॉतने पुरं केलं. माझं स्पष्ट मत आहे की यात देव दुय्यम, फ्रान्सचा राजा चौदावा लुई मुख्य. चॅपेल दुमजली आहे. खालच्या मजल्यावर दरबारी आणि इतर मंडळी, तर राजाचा सज्जा वर, त्याच्या दालनांच्याच पातळीला. चर्चमध्ये मोठा ऑर्गन (नळ्यांचं वाद्य) बहुधा मुख्य दारावर असतो, इथे तो वेदीच्या वर आहे, राजाच्या अगदी समोर! सकाळच्या मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, धर्मगुरू हळू आवाजात प्रार्थना म्हणायचे आणि गायकवृंद मोठमोठी मोतेत, म्हणजे लॅटिन धार्मिक गीतं, गायचा. म्हणजे राजाला ऐकू यायचं ते संगीत.

गवाक्ष:
अजिबात पटलं नाही. दुमजली रचना लुईच्या डोक्यातून आलेली नाही. पॅरिसचं तेराव्या शतकातलं सेंत-शापेल हे शाही चॅपेल तसंच आहे. आणि मोठ्या सणांना, बिशप मिस्सा करत असतील तेव्हा राजा खाली उतरायचा.

शिल्पवेडी:
सेंत-शापेल बांधलं नवव्या लुईने, म्हणजे संत लुईने. व्हर्सायचं चॅपेलही त्याच संताला वाहिलेलं, आणि तो या राजाचा पूर्वज! दरबारी वेदीकडे पाठ करून राजाकडे तोंड करायचे, असं त्याच काळात लिहिलं गेलंय.

गवाक्ष:
ते वर्णन १६८८ चं आहे. तेव्हा हे चॅपेल उभंच नव्हतं, त्यामुळे तो दोष दरबाराचा, या वास्तूचा नाही. वास्तू बघायची तर वरच्या मजल्यावरचे कॉरिंथियन (माथ्यावर पानांची नक्षी असलेले) खांब बघा. दोन खांबांमध्ये कमान नाही, वर सरळ आडवी पट्टी, मागे उंच खिडक्या. भिंती रंगीत संगमरवराने मढवायचा बेत सोडून फिकट दगड वापरला, म्हणून ऊन आत आलं की सगळं चॅपेल उजळतं. राजाचा गौरवच करायचा असता तर छतावर तोच रंगवला असता. छतावर मात्र मधोमध चित्रकार क्वापेलने रंगवलेला देवपिता, वेदीच्या वरच्या भागात ला फॉसचं येशूचं पुनरुत्थान आणि राजाच्या सज्जावर जुव्हनेचं पवित्र आत्म्याचं अवतरण आहे.

शिल्पवेडी:
नेमका पवित्र आत्मा राजाच्या डोक्यावर! याहून मोठा गौरव कोणता? आणि १६ मे १७७० ला युवराज लुई (पुढचा सोळावा लुई) आणि मारी आंत्वानेतचं लग्नही तिथेच लागलं.

गवाक्ष:
लागलं, पण खाली वेदीपाशी. सज्जात नाही.