डांग्या खोकल्यात अँटीहिस्टामाइन, मदत हवी आहे

आम्ही ठाण्यात, वर्तकनगरला. पुतणी 9 वर्षांची, डांग्या खोकल्याचा तिसरा आठवडा चालू आहे, पीसीआर पॉझिटिव्ह आलीय, अ‍ॅझिथ्रोमायसिनचा 5 दिवसांचा कोर्स झाला, घरातल्या बाकीच्यांनाही डॉक्टरांनी दिलं. लसी सगळ्या झाल्यात, दमा नाही. तरी रात्री उबळ आली की उलटी होईपर्यंत खोकते, बघवत नाही हो.

शेजारच्या काकू म्हणतात डायफेनहायड्रामाइनचं (हे अँटीहिस्टामाइन, म्हणजे अ‍ॅलर्जीत हिस्टामाइन या शरीरातल्या रसायनाचा परिणाम रोखणारं औषध) सिरप द्या, डॉक्टर म्हणाले उपयोग नाही. म्हणून वाचायला बसले तर कॉक्रेनचा (ही संस्था उपचारांच्या ट्रायल एकत्र करून तपासते) 2014 चा, डांग्या खोकल्यातल्या खोकल्याच्या उपचारांवरचा रिव्ह्यू मिळाला, त्यात 12 ट्रायल आहेत पण डायफेनहायड्रामाइनची एकच, 49 जणांची, आणि खोकल्यात म्हणावा असा फरक नाही. ही कल्पना आली कुठून ते मात्र समजतं, या जंतूच्या टॉक्सिनने उंदीर हिस्टामाइनला जास्त संवेदनशील होतात हे जुनंच माहीत आहे.

डोस विचारत नाहीये, डॉक्टरांना न विचारता काहीच देणार नाही. एवढंच सांगा, सेटिरिझिनसारख्या कमी झोप आणणाऱ्या औषधांवर डांग्या खोकल्याच्या लहान मुलांमध्ये 2014 नंतर एखादी ट्रायल झालीय का, इथल्या कोणी डॉक्टरांनी वाचलीय का?