दंड भरण्याआधी कागद बघा

नागपूरच्या फुटाळा तलावावर आरडाओरडा केल्याची केस झाली तर कोर्टात दंड भरून मोकळं व्हावं, असा सल्ला काही जण देतात; तो मला अजिबात पटत नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ११०/११७ मध्ये १२०० रुपयांपर्यंत दंडच आहे, कैद नाही, हे खरं. पण तो भरायचा म्हणजे गुन्हा कबूल करायचा, आणि दोषी ठरल्याची नोंद मागे राहते. पोरगा पोलीस भरतीचा फॉर्म भरेल तेव्हा ती लिहावी लागते. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना हे कोणीतरी आधी सांगायलाच हवं.

बचावाचा एक मुद्दा त्या सल्ल्यात राहूनच गेला. अश्लील वर्तनाच्या कलमात (पूर्वीचं भारतीय दंड विधानाचं २९४, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं २९६) तीन महिन्यांपर्यंत कैद आहे, पण इतरांना त्रास झाला हे सिद्ध व्हावं लागतं. मुंबई हायकोर्टाच्या आपल्याच नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२३ मध्ये उमरेडकडच्या तिरखुऱ्यातल्या रिसॉर्टमधल्या नाचाच्या प्रकरणात एफआयआर रद्द केला. नुसतं पोलिसांना ते अश्लील वाटलं, एवढ्यावर गुन्हा उभा राहत नाही. म्हणून आधी एफआयआरची प्रत घ्या आणि त्रास झाला म्हणणारा कोणी साक्षीदार आहे का ते तपासा. न्याय संहितेचं दारू पिऊन गोंधळाचं कलम ३५५ असेल, तर वैद्यकीय तपासणी झाली होती का हेही वकिलाला विचारायला लावा.