अनुभव: मुलांना समीकरणे सोडवायला शिकवताना

कपाट आवरताना मुलीची सातवीतली गणिताची वही हाती लागली आणि सारे आठवले. एका पानावर तिने लिहिले होते: ३क्ष + ५ = २० − ५ = १५ ÷ ३ = ५. उत्तर बरोबर होते, पण ती ओळ जशीच्या तशी वाचली तर पंधरा आणि पाच समान ठरतात. त्या संध्याकाळी मी तिच्यावर रागावले होते, याचे आजही वाईट वाटते. नंतर मी तिला ८ + ४ = □ + ५ यातल्या चौकटीत काय येईल असे विचारले, तेव्हा तिने लगेच १२ लिहिले. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले की बरोबरचे चिन्ह तिला 'आता उत्तर लिही' एवढेच सांगत होते; दोन्ही बाजू सारख्या असल्याची ती खूण आहे, हे मी तिला कधी सांगितलेच नव्हते. आपले अनुभव जरूर लिहा.

प्रतिसाद:
ताई, आम्ही खेळण्यातला तराजू घेतला होता. तीन काड्यापेट्यांत प्रत्येकी ५ बटणे लपवून त्या पेट्या आणि ५ सुटी बटणे डाव्या पारड्यात ठेवली, उजव्यात २० बटणे ठेवली, आणि तराजू डावीकडे झुकला. रिकाम्या पेट्यांचे वजन मी विसरलो होतो; तीन रिकाम्या पेट्या उजवीकडे ठेवल्यावर काटा मधोमध आला. मुलाने डावीकडची सुटी बटणे उचलली, पारडे वर गेलेले पाहिले आणि कुणी न सांगता उजवीकडचीही ५ काढली. उरलेल्या १५ बटणांचे तीन वाटे करून, पेटी उघडण्याआधीच तो 'पाच' म्हणाला.

प्रतिसाद:
तराजू उत्तमच, पण क्ष + ७ = ४ असे उणे उत्तराचे समीकरण आले की तो थांबतो. तिथे आम्ही संख्यारेषा वापरली.

प्रतिसाद:
मी शिकवण्या घेते. 'पलीकडे गेले की चिन्ह बदलते' हे पाठ केलेली मुले ३क्ष = १२ वरून क्ष = −४ असे लिहितात, कारण ३ पलीकडे नेताना ती त्याला वजाचे चिन्ह देऊन टाकतात. म्हणून पक्षांतर (संख्या बरोबरच्या चिन्हापलीकडे नेणे) हा शब्द मी सुरुवातीला उच्चारतच नाही. दोन्ही बाजूंवर कोणती क्रिया केली, ते प्रत्येक पायरीशेजारी लिहायला लावते.

प्रतिसाद:
धागालेखिकाताईंच्या मुलीला आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. गणितज्ञ रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये बरोबरचे चिन्ह छापले, तेव्हा दोन समांतर, सारख्या लांबीच्या रेषांइतके समान दुसरे काहीच असू शकत नाही, असे कारण दिले होते. माझ्या पुतणीने ते ऐकल्यापासून त्या दोन रेषा पट्टीने मोजून काढायला सुरुवात केली.

प्रतिसाद:
माझा मुलगा अंदाजाने उत्तर सांगतो आणि पायऱ्या लिहायला तयार होत नाही. काय करावे?

प्रतिसाद (शिकवणीवाल्या ताई):
त्याचा अंदाज चांगला आहे, तो मोडू नका. ७क्ष − ४ = ३क्ष + १० हे समीकरण द्या आणि वाट पाहा. माझ्याकडच्या एका मुलाने ३ ठेवून पाहिले, ४ ठेवून पाहिले, मग वही जवळ ओढून दोन्ही बाजूंतून ३क्ष वजा केले. शेवटी ३.५ ठेवून त्याने ताळा पाहिला, दोन्हीकडे २०.५ आले, आणि त्याने त्याखाली दोन रेषा ओढल्या.